ओढण्याची ताकद मोजली, थांबण्याचे काय?

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या काळात वाशीम जिल्ह्यातील रस्त्यांचे रूपच पालटते. सोयाबीनची मळणी उरकली की वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतून मालाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व पिकअप गाड्या बाजार समित्यांच्या दिशेने निघतात. बाजारात पोहोचल्यावर मालाचे काटेकोर वजन होते. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी होऊन पुन्हा चढते आणि दोन आकड्यांमधील फरकाचे पैसे शेतकऱ्याच्या पदरात पडतात. किलोकिलोचा हिशेब लागतो. तथापि, एवढे वजन घेऊन ही गाडी उतारावर, वळणावर किंवा अचानक समोर आलेल्या जनावरापुढे थांबू शकते काय, हा प्रश्न शेतापासून काट्यापर्यंतच्या वाटेवर कोणीही विचारत नाही. गेल्या काही वर्षांत राज्यात आणि राज्याबाहेर घडलेल्या दुर्घटना पाहता हा प्रश्न यापुढे टाळता येण्यासारखा नाही.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा प्रामुख्याने शेतीवर जगणारा. अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे येथे पसरलेले असल्याने पठार, ओढे, टेकड्या आणि त्यांतून वर-खाली जाणारे रस्ते ही येथील नित्याची रचना. अकोल्याहून पातूरमार्गे मेडशीकडे येताना घाट लागतो. गावांना मुख्य रस्त्याशी जोडणारे पोचमार्ग तर अनेक ठिकाणी घाटाहूनही तीव्र उताराचे आहेत. अशा भूभागात मालवाहतुकीची खरी परीक्षा चढावर नव्हे, तर उतारावर होते. चढावर इंजिन कमी पडले तर गाडी फार तर थांबते, उतारावर ब्रेक कमी पडला तर ती थांबतच नाही.

वजन चौपट, ब्रेक तेवढाच

ट्रॅक्टर खरेदी करताना चौकशी होते ती अश्वशक्तीची. किती फाळांचा नांगर ओढेल, किती क्विंटलची ट्रॉली खेचेल, हे विचारले जाते आणि जाहिरातीही तेच सांगतात. मात्र ओढण्याची ताकद आणि थांबवण्याची ताकद या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडील सर्वसाधारण ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते केवळ मागच्या दोन चाकांना. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत तयार होणाऱ्या ट्रॉल्यांना बहुधा ब्रेक नसतातच. ट्रॉलीला जुन्या मालमोटारीचा आस बसवला असेल तर त्यावर ब्रेकचे ड्रम दिसतात खरे, पण चालकाच्या पायापर्यंत त्यांचा संबंध पोहोचलेला नसतो.

साधे गणित मांडून पाहू. दोन टनांचा ट्रॅक्टर असून त्यातील १.३ टन भार मागच्या चाकांवर आहे, असे धरू. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारा एकटा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यापासून सुमारे सहा मीटरांत थांबतो. आता त्याला सहा टन वजनाची, ब्रेक नसलेली चारचाकी ट्रॉली जोडा. एकूण वजन आठ टन म्हणजे चौपट झाले, पण ब्रेक लावणारी चाके तीच आणि त्यांची रस्त्यावरील पकडही तेवढीच. साहजिकच थांबण्याचे अंतर चौपट, म्हणजे सुमारे २५ मीटर होते. चालकाचा पाय ब्रेकवर जाण्यास लागणारा एक सेकंद धरला तर त्यात आणखी सात मीटरांची भर पडते.

हे झाले सपाट रस्त्यावर. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली उतरणाऱ्या रस्त्यावर हेच अंतर पन्नास मीटरांच्या पुढे जाते. आणि दहा मीटरांना एक मीटर एवढा तीव्र उतार असेल तर ही गाडी केवळ ब्रेकच्या बळावर थांबतच नाही. तिला खाली खेचणारे बल मागच्या दोन चाकांच्या पकडीपेक्षा अधिक ठरते. चाके जाम होतात, घासत जातात आणि मागील ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहते. अपघातानंतर ‘ब्रेक निकामी झाला’ असे सर्रास म्हटले जाते. अनेकदा ब्रेक निकामी झालेला नसतो, तर तो पहिल्यापासूनच त्या वजनापुढे अपुरा असतो.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते. ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या चाकांसाठी ब्रेकची दोन स्वतंत्र पेडले असतात. शेतात तासाच्या टोकाला चटकन वळता यावे, म्हणून ही सोय. रस्त्यावर येताना ही दोन्ही पेडले पट्टीने एकमेकांना जोडणे अत्यावश्यक असते. ती जोडलेली नसतील आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर एका बाजूला झटकन वळतो, मागची ट्रॉली मात्र सरळ रेटत येते. दोघांमध्ये कोन तयार होऊन ट्रॅक्टर उलटण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. उन्हाळ्यात पाणीटंचाईच्या गावांकडे जाणाऱ्या टँकरची गोष्ट तर याहून बिकट. पाच हजार लिटर पाणी म्हणजे पाच टन वजन आणि टँकर अर्धवट भरलेला असला तर ब्रेक लागताच आतील पाणी पुढे उसळून गाडीला आणखी एक धक्का देते.

पिकअपचे वाढवलेले पाटे

पिकअप गाड्यांना चारही चाकांना ब्रेक असतात, त्यामुळे त्या अधिक सुरक्षित समजल्या जातात. हा समज अर्धाच खरा आहे. गेल्या वीस वर्षांत ग्रामीण भागात या गाड्यांनी मोठी मजल मारली. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे नाव दिले, तर बोलेरो पिकअप ही भाजीपाल्यापासून शेळ्या-मेंढ्यांपर्यंत सर्व वाहतुकीची गाडी झाली. या वर्गातील गाड्यांची मान्य भारक्षमता साधारणपणे पाऊण टनापासून दोन टनांपर्यंत असते. प्रत्यक्षात तिच्या दीडपट-दुपटीने माल भरलेल्या गाड्या कोणत्याही बाजाराच्या दिवशी दिसतात.

अधिक माल भरता यावा म्हणून गॅरेजमध्ये मागचे पाटे वाढवून घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. पाटे वाढवले की गाडी बसत नाही, ती दिमाखात उभी राहते आणि मालकाचा असा समज होतो की गाडीची क्षमता वाढली. वास्तविक वाढलेली असते ती फक्त पाट्यांची ताकद. ब्रेकचे ड्रम, डिस्क, टायर, आस आणि चाकाचे बोल्ट पूर्वीचेच असतात. किंबहुना, काही गाड्यांमध्ये या बदलामुळे ब्रेक कमीच होतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब मालाच्या वजनानुसार कमी-अधिक करणारी झडप बसवलेली असते. मागचा भाग किती खाली बसला यावरून तिला वजनाचा अंदाज येतो. पाटे वाढवल्याने गाडी खाली बसली नाही की या झडपेच्या दृष्टीने गाडी रिकामीच राहते आणि ऐन गरजेच्या वेळी मागच्या चाकांना अपुरा दाब मिळतो.

लांब उतारावर दुसरा धोका असतो तो उष्णतेचा. गाडीच्या गतीतील सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते. वजन दुप्पट झाले तर ही ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. सतत ब्रेक दाबून घाट उतरणाऱ्या गाडीचे ड्रम तापतात, लायनरची पकड सैल पडते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. यावरचा उपाय जुन्या चालकांना ठाऊक असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा आणि गाडी इंजिनाच्या अटकावावर धरायची. परंतु डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडून देण्याची सवय याच्या नेमकी उलट आहे. त्यातून वाचणारे डिझेल आणि पत्करलेला धोका यांची तुलनाच होऊ शकत नाही.

दुर्घटनांचा धडा

मालाचे हे गणित माणसांनाही लागू होते. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. वाशीमला लागूनच असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या सात महिला त्यात मृत्युमुखी पडल्या. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनासाठी महिलांना घेऊन जाणारी पिकअप चढावर मागे येऊन दरीत कोसळली आणि किमान दहा महिलांचा बळी गेला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मध्य प्रदेशातील खंडवा जिल्ह्यात देवीच्या विसर्जनासाठी निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली तलावात उलटून अकरा जण दगावले.

उत्तर प्रदेशाचा अनुभव अधिक बोलका आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूरजवळ घाटमपूर परिसरात भाविकांची ट्रॉली तलावात उलटून २६ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर माणसांच्या वाहतुकीसाठी ट्रॉली वापरू नये, असे आवाहन सरकारने केले. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच राज्यात कासगंज जिल्ह्यात माघी पौर्णिमेच्या स्नानाला निघालेल्यांची ट्रॉली तलावात कोसळली आणि वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. नुसत्या आवाहनाने ही वाहतूक थांबत नाही, याचा याहून वेगळा पुरावा नको.

वाशीम जिल्ह्याला या अनुभवांकडे दुरून पाहता येणार नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. रामनवमीला तेथे अनेक राज्यांतून भाविक येतात आणि मिळेल त्या वाहनाने येतात. एस.टी.ची फेरी नसलेल्या वाटेवर शेतमजुरांना, वऱ्हाडी मंडळींना आणि यात्रेकरूंना ट्रॉली किंवा पिकअपशिवाय पर्याय उरत नाही. त्यांना बेजबाबदार ठरवणे सोपे आहे, पण पर्याय न देता केलेली बंदी कागदावरच राहते.

कायद्यातील फट

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार शेतीचा ट्रॅक्टर हे ‘बिगर वाहतूक’ वाहन मानले जाते. शेतकऱ्याला सवलत मिळावी, हा त्यामागील हेतू रास्तच आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की मालमोटार किंवा पिकअपला जशी ठरावीक मुदतीने योग्यता तपासणी करून घ्यावी लागते, तशी ट्रॅक्टरला लागत नाही. नोंदणी झाली की पंधरा वर्षे त्याच्या ब्रेककडे कोणत्याही शासकीय यंत्रणेचे लक्ष जाण्याचे कारण उरत नाही. गावात जोडलेल्या ट्रॉलीची तर नोंदणीच अनेकदा झालेली नसते.

अतिभाराविरुद्धचा कायदा कठोर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अतिभारासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा अधिकारही अधिकाऱ्यांना आहे. मात्र दंडाचा रोख वजनावर असतो, थांबण्याच्या क्षमतेवर नसतो. युरोपात ७५० किलोपेक्षा अधिक एकूण वजनाच्या सर्वसाधारण ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. अमेरिकेत पिकअपमागे अवजड ट्रेलर जोडण्याची मोठी प्रथा आहे, पण तेथील अनेक राज्यांत तीन हजार पौंडांपुढील, म्हणजे सुमारे १,३६० किलोंपुढील ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्याकडे त्याच्या चौपट वजनाच्या ट्रॉल्या ब्रेकविना राजरोस फिरतात.

परवान्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना असलेल्याने ट्रॉली जोडली म्हणून तो परवाना निरर्थक ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. अपघातग्रस्तांना भरपाई मिळण्याच्या दृष्टीने हा निर्णय दिलासा देणारा होता. पण परवाना वैध असणे आणि सहा टनांची ट्रॉली उतारावर सांभाळण्याचे कौशल्य असणे, यांत अंतर आहे.

विम्याची बाजू त्याहून चिंताजनक आहे. मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात स्पष्ट केले. २००७ च्या ब्रिज मोहन खटल्यात ट्रॉलीवरील मजूर जखमी झाला होता आणि ट्रॉलीचा विमाच नव्हता. कंपनी जबाबदार नसल्याचे मान्य करूनही न्यायालयाने आपल्या विशेषाधिकारात तिला आधी भरपाई देण्यास व नंतर ती मालकाकडून वसूल करण्यास सांगितले. अशी दया प्रत्येक प्रकरणात दाखवली जाईलच असे नाही. याचा सरळ अर्थ असा की ट्रॉलीत बसलेला मजूर अपघातात दगावला, तर त्याच्या कुटुंबाची भिस्त बहुधा ट्रॅक्टरमालकाच्या ऐपतीवर राहते आणि तो मालकही अनेकदा पाच-सात एकरांचा धनी असतो. एका उतारावर दोन घरे उद्ध्वस्त होतात.

एकाच फेरीचे अर्थकारण

शेतकरी जादा माल भरतो तो हौसेने नव्हे. भाडे फेरीवर ठरते आणि दोन फेऱ्यांऐवजी एकीत काम उरकले तर तेवढे पैसे वाचतात. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारातील दर त्याखाली रेंगाळत होते. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण हमीभाव जाहीर होणे आणि तो पदरात पडणे यांतील फरक विदर्भातील शेतकऱ्याला नव्याने सांगावा लागत नाही. भावाने हात आखडला की काटकसर भाड्यावर येते आणि तेथून ती ब्रेकवर येते. अतिभार हा वाहतुकीचा प्रश्न दिसत असला तरी त्याचे मूळ शेतमालाच्या भावात आहे, ही गोष्ट दंडाच्या पावत्या फाडणाऱ्या यंत्रणेने ध्यानात घ्यायला हवी.

दरम्यान रस्ते वेगाने बदलत आहेत. अकोला-मेडशी-वाशीम-हिंगोली या राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले. नागपूर-शिर्डी टप्प्याच्या रूपाने डिसेंबर २०२२ मध्ये खुला झालेला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. ताशी १२० किलोमीटर वेगाला सरावलेला मोटारचालक कारंजा, शेलूबाजार किंवा मालेगावला खाली उतरतो, तेव्हा त्याच्या पुढे ताशी वीस किलोमीटर वेगाची, मागे दिवा नसलेली ट्रॉली असू शकते. मोटारीचा वेग शंभर धरला तरी दोघांतील अंतर दर सेकंदाला २२ मीटरने कमी होते. दिव्याच्या उजेडात ट्रॉली पन्नास मीटरांवर दिसली तर चालकाच्या हाती जेमतेम दोन सेकंद उरतात. टायर पंक्चर होऊन रस्त्यातच उभी राहिलेली ट्रॉली आणि ती निघून गेल्यावरही मागे राहिलेला, चाकाला लावलेला धोंडा हे याच प्रश्नाचे आणखी दोन चेहरे.

उपाय आवाक्यातील

या प्रश्नाचे वैशिष्ट्य असे की त्यावरील बहुतेक उपाय महागडे नाहीत. बाजार समितीच्या काट्यावर प्रत्येक गाडीचे एकूण वजन आजही नोंदले जाते. त्याच पावतीवर वाहनाची मान्य क्षमता छापली, तर चालकाला व मालकाला आपण किती धोका पत्करला हे आकड्यात दिसेल. पहिल्या हंगामात दंड नको, नुसती जाणीव पुरे. हंगामाच्या तोंडावर उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाने बाजार समितीच्या आवारातच शिबिरे घेऊन ब्रेकची तपासणी, परावर्तक पट्ट्या, मागचे दिवे आणि ट्रॉलीच्या नोंदणीची सोय केली, तर शेतकऱ्याला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत. ऊसपट्ट्यात गाळप हंगामापूर्वी ट्रॉल्यांना परावर्तक लावण्याची मोहीम साखर कारखान्यांमार्फत राबवली जाते. सोयाबीनच्या पट्ट्यात ती जबाबदारी बाजार समित्यांकडे जायला हरकत नसावी.

ट्रॉलीचे ब्रेक ही मात्र मूलभूत बाब आहे. ट्रॅक्टर मंदावताच ट्रॉलीचा रेटा आकड्यावर येतो आणि त्याच रेट्याने ट्रॉलीची चाके आवळली जातात, अशी साधी यांत्रिक रचना जगभर वापरात आहे. हायड्रॉलिक जोडणीचाही पर्याय आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आणला गेला. यांत्रिकीकरणाला अनुदानेही दिली जातात. मग नव्या ट्रॉलीचे अनुदान ब्रेकच्या अटीशी जोडणे आणि जुन्या ट्रॉलीला ब्रेक बसवण्यासाठी अर्थसाह्य देणे अवघड का असावे?

चालक आणि मालकांच्या हातात असलेल्या गोष्टीही थोड्या नाहीत. रस्त्यावर येताच ट्रॅक्टरची दोन्ही पेडले जोडणे, आकड्याला सळईऐवजी मापाची पिन व सोबत साखळी लावणे, दोन चाकी ट्रॉलीत जड माल आसाच्या किंचित पुढे ठेवणे, उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणे आणि उतारावर क्लच न दाबणे, यांपैकी कशालाही मोठा खर्च येत नाही. माल मागे लोटला गेला तर आकडा वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार घटतो आणि जी चाके ब्रेक लावणार तीच रस्ता सोडू लागतात, एवढे एक कारण कळले तरी माल भरण्याची पद्धत बदलू शकेल.

माणसांच्या वाहतुकीचा प्रश्न वेगळा आणि तो शासनाचा आहे. यात्रांच्या दिवसांत जादा एस.टी. फेऱ्या आणि मजुरांच्या मोठ्या हंगामात ठरावीक मार्गांवर पहाटेची सोय, एवढे केल्यावरच ट्रॉलीतील प्रवासावर निर्बंध घालण्याचा नैतिक अधिकार यंत्रणेला प्राप्त होईल.

शेतीत यंत्रे आली तेव्हा बैलगाडी मागे पडली. बैल स्वतःहून थबकत असे, उतार पाहून पाऊल आखडत असे. यंत्राला तेवढी समज नाही, ती त्याला बाहेरून द्यावी लागते: ब्रेकच्या, नियमांच्या आणि प्रशिक्षणाच्या रूपाने. ओढण्याची ताकद पुरवण्यात गेल्या तीन दशकांत कोणतीही कसर राहिली नाही. थांबण्याच्या ताकदीचा हिशेब मात्र अजून मांडला गेलेला नाही आणि तो जितका लांबेल तितका तो ट्रॉलीच्या मागच्या फळीवर बसलेल्या मजुरांच्या जिवावर चुकता होत राहील.